समोर काढलेलं पाणी

आमच्या थोरल्या साडूंइतका ताज्या वस्तूंवर जीव टाकणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हद्द ओलांडून पार कर्नाटकात शोधलं तरी सापडेल असं मला वाटत नाही. जी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर काढली, तोडली, पिळली किंवा तळली नाही ती शिळी, असा त्यांचा सरळ हिशेब. मग ती कालची असो नाहीतर पाच मिनिटांपूर्वीची. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून घेतात, तो फेसाळता पेला हे त्यांचं दैवत. बरोबर मी असलो की दोन पेले सांगायचे, आणि मी दरवेळी नाही म्हणायचं, असं माझं लग्न झाल्यापासून चाललेलं आहे. एकतर मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे कच्चं दूध म्हटलं की मला आधी जंतू दिसतात. आणि दुसरं म्हणजे मला ते पचत नाही. माझ्या नकारावर त्यांचं उत्तरही ठरलेलं. "उकळलं की दूध मेलं, पावणं. तुमी मेलेलं पिताय, म्हणून अशी मान बारीक ऱ्हायलीया." मग दोन्ही पेले तेच पितात आणि मिशा पुसत माझ्या मानेकडे बघतात.

लेक पुण्याला दिली, तिच्याकडे एकदा चार दिवस राहायला गेले. पहिल्याच सकाळी तिनं चहासाठी कात्रीनं दुधाची पिशवी कापली. साडू ओट्यापाशी उभे होते. त्यांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "ह्येची म्हस कुठाय?" लेक हसली. हे हसले नाहीत. चार दिवस कोरा चहा प्यायले आणि पाचव्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परत आले. जावयानं हौसेनं घेऊन दिलेला फ्रिज त्यांच्या माजघरात आहे, पण त्याची वायर भिंतीला कधी लागलीच नाही. त्यात सातबाऱ्याचे उतारे, अक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, ठेवणीतल्या साड्या आणि लग्नपत्रिका असतात. वर्तमानपत्र सकाळी आठच्या आत हातात आलं तर वाचणार, नंतर आलं तर त्यात शेंगदाणे बांधायचे. लग्नाच्या जेवणाला गेले की अक्षता पडायच्या आधी आचाऱ्यापाशी जाऊन उभे राहणार, आणि जिलबी कढईतून बाहेर पडताना पाहिली तरच पानात घेणार. औषधाचं तर नावच नको. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मला दाखवून एकदा म्हणाले होते, "ह्येच्यावर ह्येची मरायची तारीख घातलीया बघा. ज्येचं मराण ठरलंय, त्ये मला काय जगवणार?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या नववीच्या पुस्तकात नाही.

साडूंचा पेशा गुळाची पारख. मार्केट यार्डातल्या एका पेढीवर सौद्याच्या वेळी रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओळीनं मांडले की हे वाकून एकेका रव्याला नाक लावायचे, डोळे बारीक करायचे आणि प्रत सांगायचे. केशरी झाक, कण, ओल, गुऱ्हाळावर चुन्याचा हात जड पडलाय की हलका, सगळं. हा कागलकडचा, हा शिरोळचा नदीकाठचा, हेही सांगायचे आणि क्वचितच चुकायचे. लोक म्हणायचे, वासावरून प्रत सांगणारा असा माणूस नाही. यार्डातली नवी पोरंसुद्धा त्यांचं बघून रव्यांना नाकं लावायला लागली. खरी गोष्ट फक्त घरच्यांना ठाऊक होती. साडूंना उणे नऊचा नंबर होता, आणि नाक टेकवल्याशिवाय त्यांना गूळच दिसत नव्हता. घरी बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावायचे, तोही जुन्या, कमी पडणाऱ्या नंबराचा. यार्डाच्या फाटकाशी तो काढून खिशात टाकायचे. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं कधीकाळी सांगून ठेवलं होतं, "चष्मा आला की पारख गेली, शेतकरी इस्वास ठेवत न्हाय." तेवढं एक वाक्य त्यांनी जन्मभर जपलं. त्यापायी पोत्यांच्या थप्पीला रामराम घातला, दुसऱ्याच्याच स्कूटरला किल्ली लावत बसले, एकदा माझ्या मुख्याध्यापकांना माझं नाव घेऊन पाठीत थाप मारली. पण यार्डात चष्मा लावला नाही.

लेकीच्या लग्नात तिनं लेन्स घातल्या, तेव्हा साडूंना हा शोध लागला. बुबुळावर बसते, कुणाला दिसत नाही! नवरी सासरी गेली आणि दुसऱ्या आठवड्यात नवरीचा बाप गुपचूप चष्म्याच्या दुकानात गेला. पहिल्या दिवशी लेन्स घालून घरी आले ते दारातच थांबले. आत अक्का तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू लांबनं अशी दिसतीस व्हय?" अक्का नंतर ते माझ्या बायकोला सांगताना नव्या नवरीसारख्या लाजल्या. त्या संध्याकाळी त्यांनी मला कट्ट्यावर नेलं आणि रस्त्याच्या पलीकडूनच ओरडले, "आरं, धार बारीक पडतीया, आचळ नीट धर की!" पिंपळाला सुटी सुटी पानं असतात, याचं त्यांना महिनाभर कौतुक होतं. मलाही त्यांचा आनंद बघून बरं वाटत होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं खूश झालेलं आपण रोज थोडंच बघतो?

घोड्यानं पेंड खाल्ली ती लेन्सच्या पाण्यापाशी. दुकानदारानं लेन्सबरोबर त्या धुवायच्या, भिजवायच्या औषधी पाण्याची बाटली दिली होती. साडूंनी तारीख पाहिली तर पुढं दीड वर्षाची. "दीड वरीस बाटलीत ऱ्हाणारं पाणी डोळ्यात घालू? मी काय येडा हाय?" असं म्हणून त्यांनी ती बाटली परसातल्या जास्वंदीला घातली. कागल रस्त्याला त्यांचं घर, मागं मळा, मळ्यात विहीर. त्या विहिरीत ते रोज पहाटे पोहतात, आणि आता लेन्स घालूनच पोहू लागले, कारण तळाचे दगड पहिल्यांदाच दिसत होते. रोज संध्याकाळी एक कळशी समोर काढायची आणि त्या पाण्यानं लेन्स धुवायच्या, असा नेम सुरू झाला. प्लॅस्टिकची डबी त्यांना पसंत नव्हती. अक्कांची माहेरची चांदीची कुयरी होती, हळदकुंकवाची, दोन खणांची. ती घासूनपुसून घेतली. डावी लेन्स हळदीच्या खणात, उजवी कुंकवाच्या. वर विहिरीचं ताजं पाणी. महिन्यानं टाकून द्यायच्या लेन्स त्यांनी दहा महिने वापरल्या, "आजून नव्यागत हायत की" म्हणून.

हे सगळं मी पाहत होतो, हे इथं कबूल करायलाच हवं. वर्षानुवर्षं फळ्यावर अमीबा काढणारा मी, त्या कुयरीकडे बघून पोट धरून हसलो. स्टाफरूममध्ये ती गोष्ट रंगवून सांगितली. एकदा जेवताना जरा चाचरत म्हणालो होतो, "अण्णा, निदान बाटलीतलं पाणी तरी वापरा. विहिरीच्या पाण्यात बारीक जीव असतात." ते म्हणाले, "मी समोर काढतोय की पाणी. जीव असता तर दिसला नसता?" तेवढ्यात अक्कांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी भरली, आणि भरल्या वाटीपुढे माझं विज्ञान नेहमीच नरम पडतं. मी गप्प बसलो.

ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात साडूंचा उजवा डोळा लाल झाला. डोळे आलेत म्हणाले. समोर काढलेलं शेळीचं दूध घालून झालं, गुलाबाच्या पाकळ्या ठेवून झाल्या, शेवटी अक्कांनी जबरदस्तीनं औषधाच्या दुकानातले थेंब आणून घातले. काही म्हणता काही होईना. आठवड्यानं अक्कांचा फोन आला, "भावजी, जरा येऊन जावा. ह्यांचं काय खरं न्हाय." मी गेलो तर साडू अडगळीच्या खोलीत डोक्यावर घोंगडं घेऊन बसलेले. उजेड सहन होत नव्हता. पायावर गुळाचा रवा पडला तेव्हा "आयला" यापलीकडे न बोललेला माणूस, माझा आवाज ऐकून घोंगड्यातून म्हणाला, "पावणं, डोळ्यात कुणीतरी कुळव मारतंय ओ." मला पहिल्यांदाच त्यांची भीती नाही, त्यांच्यासाठी भीती वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शिरोळकडच्या, बोलायला सडेतोड. त्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. आणि पडद्याबाहेर बाकावर यार्डात गूळ घालणारे दोन शेतकरी बसले होते. साडूंनी त्यांना आवाजावरून ओळखलं होतं. बाईंनी यंत्रातून डोळा पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "लेन्स घालता का?"

"न्हाय," साडू म्हणाले, आणि टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला.

त्या दाबाचा अर्थ मला कळला. तीस वर्षं खिशात लपवलेला चष्मा त्या दाबात होता. बाहेरचे दोघे ऐकत होते. मी बोललो तर यार्डात उद्या सकाळी सगळ्यांना कळणार. नाही बोललो तर डोळ्याचं काय होणार ते बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी एकदा गप्प बसून चुकलो होतो.

"घालतात," मी म्हणालो. "विहिरीच्या पाण्यात धुतात. तशाच घालून पोहतात. आणि रात्रभर कुयरीत ठेवतात."

बाईंचं पेन थांबलं. "कशात?"

"हळदकुंकवाच्या."

साडूंनी माझा हात सोडून दिला.

बाईंनी बुबुळावरचा कण खरवडून तपासायला पाठवला होता, लेन्स आणि कुयरीही मागवून घेतली. निकाल आला. अमीबाच होता, पुस्तकातला नव्हे, त्याच्याच भावकीतला, विहिरीत, तळ्यात, नळाच्या पाण्यातही राहणारा. एरवी कुणाच्या वाटेला न जाणारा, पण लेन्सखाली आयती ऊब मिळाली की बुबुळ पोखरत बसणारा. बाईंनी स्पष्ट सांगितलं, दर तासाला थेंब घालायचे, दिवसरात्र, नंतर हळूहळू कमी करू, महिने लागतील, हयगय केली तर डोळा जाईल. आणि साडूंनी थेंबांची बाटली हातात घेऊन आधी काय केलं असेल, तर तारीख वाचायला मला दिली. मी वाचली. त्यांनी बाटली बाजूला ठेवली. "मी समोर काढलेल्या पाण्यात किडा, आणि ह्या बाटलीत औषध? ह्ये मला पटत न्हाय. मला दाखवा, मग मानतो." अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. मला मात्र त्यांचं ते बोलणं ऐकून एकदम सुचलं. हा माणूस हट्टी आहे, पण त्याचा धर्म सोपा आहे: समोर दाखवा.

रविवारी शाळा बंद होती. मी त्यांना उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून प्रयोगशाळेत नेलं. विहिरीचं पाणी त्यांच्याच हातानं, त्यांच्याच कळशीनं काढलेलं, म्हणजे तक्रारीला जागा नको. एक थेंब काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला. त्यांनी डावा डोळा टेकवला, रव्याला नाक टेकवायचे तसा. मग हळूच म्हणाले, "हलतंय की ओ."

"हलणारच. जिवंत आहे."

"ह्ये आमच्या हिरीतलं?"

"तुम्हीच काढलंय, अण्णा. समोर."

आता खरं सांगायचं तर त्या थेंबात पळत होता तो त्यांचा डोळा खाणारा नव्हताच. दुसराच कुणी गरीब बिचारा केसाळ जीव होता. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि आजही सांगायचा विचार नाही. ते स्टुलावर ताठ बसले. खिशातून थेंबांची बाटली काढून माझ्यापुढे धरली आणि मान मागे टाकून म्हणाले, "घाला."

त्यानंतरचे महिने अक्कांनी घड्याळाच्या गजरावर काढले. घरातला पोपटसुद्धा तासाच्या ठोक्याला "अवो, थेंब" म्हणायला लागला. डोळा वाचला, बाईंनी तसं सांगितलंही, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला, दुधावर साय धरावी तसा. उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता. साडू यार्डात जाईनासे झाले. कुणी बोलवायला आलं तर अक्कांकडून "झोपल्यात" म्हणून सांगायचे. मी डाव्या डोळ्यावर चष्मा लावून जायला सुचवलं, तर म्हणाले, "आता सगळ्यास्नी कळलंय. कुठल्या तोंडानं जाऊ?" कळवणारा मीच होतो. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी डोळा पूर्ण शांत होऊ दिला आणि मग दुसऱ्याचं बुबुळ बसवायचं ठरलं. नाव नोंदवून वाट बघायची होती. एका दुपारी बाईंचा फोन आला, बुबुळ मिळालंय, लगेच या. दवाखान्यात पोहोचल्यावर साडूंनी पहिला प्रश्न केला, "कशातनं आलंय?"

"बाटलीतून," बाई म्हणाल्या. "औषधी पाण्यात ठेवून."

"तारीख हाय?"

"आहे. चार दिवस टिकतं, त्यातले तीन उरलेत."

म्हैस दिसल्याशिवाय चहात दूध न घेणारा हा माणूस आता उठून चालायला लागणार, असं मला वाटलं. साडू खाली मान घालून बसले होते.

"कुणाचं, ते?"

"ते सांगता येत नाही, काका."

मग ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "त्यांच्या घरात आजून दहावा झाला नसंल, पावणं. रडणं ताजं असंल." आणि बाईंना म्हणाले, "बसवा की. वाट कशाची बघताय?"

आता त्याला वर्ष होईल. नवं बुबुळ डोळ्यानं धरलं. टाके निघालेत, तरी नंबर आहेच, त्यामुळे जाड चष्मा लागला आणि तो आता यार्डाच्या फाटकाशी खिशात जात नाही. पहिल्या दिवशी चष्मा लावून आत जाताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. दवाखान्याच्या बाकावरचे ते दोघे शेतकरी सौद्याला हजर होते. त्यांतला थोरला पुढं झाला, साडूंना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "अण्णा, आमचं रवं तुमच्यासाठी थांबवून ठेवल्यात. दुसऱ्याच्या वासावर आमचा इस्वास न्हाय." साडू वाकले. सवयीनं नाक टेकणार होते, ते टेकलं नाही. उभे राहूनच त्यांनी प्रत सांगितली. थेंबांच्या बाटल्या आता त्यांच्या शर्टाच्या खिशात असतात, आणि तारीख ते स्वतः वाचतात. लेन्सचं नाव काढत नाहीत. कुयरी बाईंनी परत दिली. ती फ्रिजमध्ये आहे.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला पुन्हा कट्ट्यावर नेलं. म्हशीसमोर उभे राहून त्यांनी चष्म्याआडून डावा डोळा हातानं झाकून घेतला आणि उजव्यानं एकटक धारेकडे बघत राहिले. पेला भरला, फेस वर आला, तरी हात खाली घेईनात. मला काळजी वाटली. "अण्णा, दुखतंय का?"

"न्हाय ओ. पावण्यास्नी दाखवतोय."

"कुणाला?"

त्यांनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं. "ह्यांस्नी. कुठल्या गावचं, कोण हुतं, कायबी ठावं न्हाय. आपल्या घरात ऱ्हायला आलंय, तर गाव दाखवाय नको व्हय? काल रंकाळा दाखवला. परवा सौदा दाखवला. असली धार त्येंनी जलमात बघितली असंल, नसंल." त्यांनी डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि नेहमीसारखे दोन पेले सांगितले. एक स्वतः घेतला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"ह्यो त्येंचा. त्येंस्नी तोंड न्हाय, म्हणून तुमी घ्या."

मी आयुष्यभर मुलांना दूध उकळून प्यायला सांगत आलो आहे, आणि कच्चं दूध मला पचत नाही. तो पेला मी तिथंच उभा राहून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.